इक्वलायझर लावला की आवाज फाटतो, काढला की मिळमिळीत लागतो: नेमकं कुठं बघायचं?

इक्वलायझर म्हणजे गाण्यातले जाड-बारीक सूर वेगवेगळ्या पट्ट्यांनी कमी-जास्त करायची सोय. त्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. "नवीन स्पीकर आणला तेव्हा झकास वाजत होता. मग इक्वलायझर लावला, आणखी भारी वाटलं. आणि आता आवाज फाटूलाय की ओ!" मग इक्वलायझर काढतात, तर गाणं मिळमिळीत लागतं. पुन्हा लावतात, दुसऱ्या पट्ट्या वर करतात, दोन दिवस बरं जातं आणि पुन्हा तेच. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्या, येळ्ळूरकडची भजनी मंडळं, निपाणीचे गाडीवाले, खानापूर तालुक्यातली घरं, सगळीकडून हेच कानावर येतं. स्पीकर आणि अॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर) उघडून बसणं हाच माझा धंदा असल्यामुळं शेवटी विचारणा होतेच: "अण्णा, एकदाच काय ते सांगा, इक्वलायझर लावायचा की नाही?"

लावायचा, पण सगळ्यात शेवटी. आवाज फाटणं, घुमणं, पातळ लागणं यांची कारणं बऱ्याचदा दुसरीकडं असतात. ती तशीच ठेवून पट्ट्या हलवल्या की दुरुस्ती दोन दिवस टिकते आणि दुखणं पुन्हा उलटतं. मी ज्या क्रमानं बघतो त्याच क्रमानं खाली लिहितोय.

आधी मोजा, इक्वलायझर आहेत तरी किती

फोनच्या साउंड सेटिंगमध्ये एक असतो. कंपनीप्रमाणं त्याचं नाव बदलतं, पण तो असतो आणि कित्येकदा नवा फोन हातात येतो तेव्हापासून चालूच असतो. गाण्याच्या अॅपमध्ये दुसरा. ब्लूटूथ स्पीकरच्या स्वतःच्या अॅपमध्ये तिसरा, नाहीतर स्पीकरवरच बास वाढवायचं बटण. अॅम्पला जोडलं असेल तर त्याचे बास-ट्रेबलचे (जाड आणि बारीक सुरांचे) नॉब आणि वर 'लाउडनेस'चं बटण. गाडीतल्या स्टिरिओवर कुणीतरी कधीकाळी 'रॉक' करून ठेवलेलं असतं. टीव्हीवर 'मूव्ही' मोड.

एकेकटा फार काही करत नाही, पण डेसिबलची (आवाजाच्या पातळीच्या मापाची) बेरीज होत जाते. समजा ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० कंपनं, म्हणजे जाड ठोक्याच्या जागी) फोननं ६ डेसिबल वाढवले, अॅपनं आणखी ६, अॅम्पच्या नॉबनं ८. झाले २०. दर ३ डेसिबलला लागणारी पॉवर साधारण दुप्पट होते, १० डेसिबलला दहापट, २० डेसिबलला शंभरपट. म्हणजे जो ठोका १ वॅटवर आरामात वाजत होता त्याच्यासाठी तुम्ही अॅम्पकडं १०० वॅट मागताय. खोक्यावर हजारांत छापलेल्या 'पीएमपीओ' वॅटवर जाऊ नका. तो आकडा विक्रीसाठी असतो, सतत वाजवायची खरी ताकद त्याच्या आसपासही नसते.

म्हणून पहिलं काम म्हणजे सगळे बंद करा, सगळे नॉब मध्यावर आणा, 'लाउडनेस' काढा आणि ओळखीचं एक गाणं अर्धा तास तसंच ऐका. पाच मिनिटांत निकाल देऊ नका. फुगवलेल्या आवाजाची सवय झालेल्या कानाला सपाट आवाज सुरुवातीला मेलेलाच वाटतो, तो सरावायला वेळ लागतो. माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींतला मोठा वाटा इथंच संपतो, आणि पैसे मागावेत असं कामही काही झालेलं नसतं.

यानंतर एकच इक्वलायझर ठेवायचा, ज्यात पट्ट्या जास्त आहेत तो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधल्या पाच पट्ट्या ६०, २३०, ९१०, ३,६०० आणि १४,००० हर्ट्झवर असतात. स्पॉटिफायच्या मोबाइल अॅपमध्ये सहा आहेत: ६०, १५०, ४००, १,०००, २,४०० आणि १५,०००. दहा पट्ट्यांचा मिळाला तर उत्तम, कारण तो ३१, ६२, १२५, २५० असा दर वेळी दुप्पट होत १६,००० पर्यंत जातो आणि नेमक्या जागी हात घालता येतो. आयफोनवाल्यांनी लक्षात घ्यावं की सेटिंगमधला म्युझिकचा इक्वलायझर अॅपलच्या म्युझिक अॅपपुरताच चालतो. यूट्यूबवर गाणं लावून तो बदलत बसण्यात अर्थ नाही.

फाटतोय, पण कुठं फाटतोय?

आवाज तीन ठिकाणी फाटू शकतो आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. सगळं शून्यावर आणून आवाज अगदी हळू ठेवा. तरीही खरखर येत असेल तर स्पीकरच बिघडलाय. हळू आवाजात, फक्त इक्वलायझर चालू केल्यावर फाटत असेल तर बिघाड फोनच्या आत, आकड्यांत आहे. इक्वलायझर बंद असून फक्त मोठ्या आवाजात फाटत असेल तर अॅम्पचा दम संपतोय.

मधला प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि लोकांना तोच सगळ्यात कमी माहीत असतो. डिजिटल आवाजाला एक छप्पर असतं, शून्य डेसिबलचं. त्याच्या वर काहीही जाऊ शकत नाही. आजची बहुतेक फिल्मी गाणी या छपराला टेकतील इतक्या मोठ्या पातळीवर बनवलेली असतात. त्यात तुम्ही ६० हर्ट्झची पट्टी ६ डेसिबल वर केली, म्हणजे त्या ठोक्याच्या लाटेची उंची दुप्पट मागितली. वर जागाच नसल्यामुळं लाटेचे शेंडे छाटले जातात आणि कानाला तेच फाटणं म्हणून लागतं. स्पीकर दहा हजारांचा असला तरी हे होणारच, कारण आवाज त्याच्यापर्यंत पोचतानाच फाटलेला असतो.

इलाज फुकटचा आहे. इक्वलायझरला 'प्रीअॅम्प' नावाची पट्टी असेल तर जी पट्टी सगळ्यात जास्त वर आहे तेवढं प्रीअॅम्प खाली घ्या. ६० हर्ट्झ ६ वर, तर प्रीअॅम्प उणे ६. प्रीअॅम्प नसेल तर उलटं करा. बास ६ वर न्यायच्या ऐवजी बास शून्यावर ठेवून बाकीच्या पट्ट्या ६ खाली घ्या, आणि कमी झालेला आवाज अॅम्पच्या किंवा स्पीकरच्या नॉबनं भरून काढा. आवाजाचा घाट तोच राहतो, फाटणं थांबतं. बहुतेक लोकांना पट्टी खाली ओढायची असते हेच सुचत नाही. दुकानात फोन हातात घेतला की सगळ्या पट्ट्या वर गेलेल्या दिसतात. तसं केल्यावर इक्वलायझर उरतच नाही, नुसता आवाज मोठा होतो आणि फाटतो.

काही फोन फाटू न देता दुसरीच खेळी करतात. ठोका आला की सगळाच आवाज दाबतात आणि मग सोडतात. मग प्रत्येक ठोक्याला गायक मागं जातो आणि पुन्हा पुढं येतो. "गाणं श्वास घेतंय" असं कुणी सांगितलं की मी थेट बासची पट्टी बघतो.

अॅम्पचा दम संपत असेल तर इक्वलायझरनं बास वाढवणं हा सगळ्यात महागात पडणारा उद्योग. अॅम्प फाटला की छाटलेल्या लाटांतून वरच्या पट्टीची फालतू कंपनं तयार होतात, ती ट्विटरकडं (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरकडं) जातात आणि बासच्या हट्टापायी ट्विटरची कॉईल (आतली तारेची गुंडाळी) जळते. गिऱ्हाईक म्हणतं, "मी तर बास वाढवला होता, ट्विटर कसा गेला?" तो असाच जातो.

आणि स्पीकरच बिघडला असेल तर पावसाकडं बघा. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर काय हवा असते ते तिथं राहणाऱ्याला सांगायला नको. स्पीकरचा हलणारा कागदी कोन ओल धरतो, त्यावर बुरशी येते, कडेचा फोम जुना असेल तर बोट लावलं तरी भुगा होतो. रबरी कड त्या मानानं पुष्कळ टिकते. जाळी काढून कोनच्या मधोमध दोन्हीकडं सारखी बोटं ठेवून हलकेच दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉईल चिकटतेय. नुसती कड गेली असेल तर कड बदलून मिळते, स्पीकर फेकू नका. पावसाळाभर स्पीकर बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढं ठेवला तरी फरक पडतो.

घुमतं, शब्द कळत नाहीत

इथं गुन्हेगार बहुधा खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकलेली लाट एका ठराविक कंपनाला जोर धरते. हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागायचं. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर येतं साधारण ५६ हर्ट्झ, आणि पुढचा जोर त्याच्या दुपटीला, ११२ च्या आसपास. डग्ग्याचा घुमारा आणि ढोलकीचा भरणा नेमका याच भागात असतो. खोली १० बाय १० आणि वर स्लॅबही १० फुटांवर असेल तर तिन्ही दिशांचे जोर एकाच जागी येऊन बसतात. अशा खोलीत तबला लावा, प्रत्येक 'धा' नंतर एक 'ऊं' राहतं आणि त्याच्याखाली गायकाचे शब्द दबतात. जुन्या कौलारू घरांत ही तक्रार कमी असायची, कारण कौलांतून आणि लाकडी माळ्यातून खालचा सूर बाहेर निसटतो. घर पाडून स्लॅबचं केलं, तोच जुना स्पीकर लावला आणि "आता घुमतो" म्हणून घेऊन आले, असं होतं. स्पीकर निर्दोष असतो.

ओळखायची खूण अशी की गाणं चालू ठेवून खोलीत फिरा. दाराशी घुमत नसेल आणि भिंतीला टेकल्यावर घुमत असेल तर खोलीच. मग आधी स्पीकर कोपऱ्यातून काढा. कोपरा म्हणजे दोन भिंती आणि जमीन, तिन्ही मिळून बास फुगवतात. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं घ्या, आपली बसायची जागा भिंतीला चिकटून असेल तर तीही पुढं घ्या. गादी, गोधड्या, कपड्यांचं उघडं कपाट यांचा उपयोग वरच्या आवाजाची खणखण कमी करायला होतो, ५६ हर्ट्झपुढं त्यांचं काही चालत नाही.

एवढं करून उरलं तर इक्वलायझर आणि इथं तो खरंच कामाचा. दहा पट्ट्यांच्यात ६२ किंवा १२५, दोहोंपैकी जी खाली घेतल्यावर 'ऊं' जातं ती ३-४ डेसिबल खाली. कॉम्प्युटरवर ऐकत असाल तर विंडोजसाठी 'इक्वलायझर एपीओ' फुकट मिळतो, त्यात ५६ म्हटलं की ५६ लाच अरुंद खड्डा पाडता येतो. पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये ६० ची पट्टी ओढली की आजूबाजूचंही बरंच खाली येतं, तेवढं सोसायचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही इक्वलायझरला जमत नाही. खोलीत काही जागा अशा असतात जिथं लाटा एकमेकींना खातात आणि बास गायब होतो. तिथं बसून बास वाढवला तर जितका वाढवाल तितका खाल्लाही जातो, शेजारच्या खोलीत मात्र भांडी वाजायला लागतात. खुर्ची हातभर सरकवा.

पातळ, पोकळ, बास गेला

इथं इक्वलायझरला हातच लावू नका, आधी जोडण्या बघा. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट्या जोडल्या असतील तर एक कोन पुढं येताना दुसरा मागं जातो आणि बास हवेतच मरतो. दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवा, आणि एकाच्या तारा उलटसुलट करून कशात बास वाढतो ते बघा. स्पीकर अॅम्पपासून सोडवून पेन्सिल सेल क्षणभर टेकवूनही समजतं. अधिकला अधिक लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. घराची रंगरंगोटी झाल्यावर, सणाच्या साफसफाईनंतर ही तक्रार हमखास येते, कारण तारा सोडून पुन्हा जोडलेल्या असतात.

हेडफोनवर वाद्यं ऐकू येतात पण गायकच गायब झालाय, असं झालं तर पिन अर्धवट बसलीय किंवा वायरमधली अर्थिंगची (दोन्ही बाजूंची सामायिक) तार तुटलीय. गायक दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो. अर्थिंग सुटलं की दोन्ही बाजूंमधला फरक तेवढा कानात उरतो, आणि सारखं असलेलं सगळं वजा होतं. लोक अशा वेळी 'व्होकल' प्रीसेट (इक्वलायझरमधलं आधीच ठरवलेलं सेटिंग) लावून गायकाला शोधत बसतात.

कानात घुसवायच्या इअरफोनचा बास गेला तर रबरी टोपी लहान पडतेय. बोटांनी हलकेच आत दाबून धरा. बास परत आला तर मोठी टोपी घाला. एकाच कानात आवाज बारीक झाला असेल तर जाळीत मळ अडकलाय.

आणि ब्लूटूथवर अचानक गाणं टेलिफोनमधून आल्यासारखं झालं, तर कुठलंतरी अॅप माइक धरून बसलंय. तेव्हा हेडफोन गाण्याची वाट सोडून बोलण्याच्या वाटेवर जातो आणि जुन्या पद्धतीत तिथं ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पलीकडं जवळजवळ काहीच जात नाही. मीटिंगचं अॅप पूर्ण बंद करा, हेडफोन तोडून पुन्हा जोडा.

सतत 'घूं' असा आवाज येत असेल तर तो आपल्या विजेच्या ५० हर्ट्झचा. ६० ची पट्टी खाली ओढून तो दबतो, पण सोबत गाण्याचाही पाया जातो. अॅम्प आणि टीव्ही एकाच बोर्डावर घ्या, अर्थिंग तपासून घ्या, सिग्नलची वायर बदलून बघा.

रात्री लावलेलं सकाळी का बिघडतं

वरचं सगळं नीट आहे, तरी "पुन्हा बिघडलं" म्हणणाऱ्यांसाठी हे आहे आणि माझ्या मते या आजाराचं मूळही हेच.

आपला कान सगळ्या सुरांना सारखं वागवत नाही. १९३३ साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून मांडलं. आवाज मंद असताना ६० हर्ट्झचा ठोका १,००० हर्ट्झच्या सुराइतका ऐकू यायला त्याला कितीतरी जास्त जोर लागतो. आवाज मोठा केला की ही तफावत कमी होते. अॅम्पवरचं 'लाउडनेस'चं बटण याच कारणासाठी जन्माला आलं. मंद आवाजात बास आणि थोडा ट्रेबल भरून देणं एवढंच त्याचं काम.

आता आपल्या घरातलं बघा. रात्री दहानंतर शेजारधर्म म्हणून आवाज अगदी बारीक. बास ऐकू येत नाही, म्हणून पट्टी ६ वर. छान वाटतं. सकाळी भूपाळी-अभंग लावताना आवाज दुप्पट, पट्टी तिथंच. घुमायला लागतं. मग बास खाली, ट्रेबल वर. रात्री पुन्हा मिळमिळीत. एवढ्यात सकाळची ट्रेबल रात्री टोचते, म्हणून मधल्या पट्ट्या वर. महिन्याभरात इक्वलायझर अशा अवस्थेत पोचतो की तो कशासाठी होता हे कुणालाच सांगता येत नाही.

गाडीतही हेच. पुणे-बेंगळुरू महामार्गावर टायरचा आणि इंजिनचा घरघराट खालच्याच पट्टीत असतो आणि तो गाण्यातला बास झाकून टाकतो. पळत्या गाडीत बास थोडा वर घेणं चूक नाही. पण कोगनोळी नाक्यावर गाडी थांबली की तोच बास दारं वाजवायला लागतो आणि मालकाला वाटतं स्पीकर गेला.

म्हणून एकच सेटिंग कायमची शोधू नका. दोन जपून ठेवा, एक मंद आवाजासाठी आणि एक नेहमीच्या. मंदवाल्यात ६० ला ४-५ डेसिबल, २३० ला १-२, सगळ्यात वरच्या पट्टीला २. नेहमीचं सेटिंग जवळजवळ सपाट, खोलीचं घुमणं काढायचा तेवढा खड्डा सोडून. हेडफोनचं वेगळं, कारण तिथं खोलीच नसते. गाण्यागणिक पट्ट्या हलवायची सवय सोडा.

गाणं जुनं असेल, किंवा मंडळाचं असेल

हा भाग कानडी आणि मराठी दोन्ही गाणं ऐकत वाढलेल्यांसाठी. आपल्याकडं सकाळी भीमसेन जोशींचे अभंगही लागतात आणि दासपदंही (कानडी हरिदासांची पदं), आणि ऐकणाऱ्याला त्यात वेगळं काही वाटत नाही. पण ध्वनिमुद्रण कोणत्या काळातलं यावर इक्वलायझरचं वागणं ठरतं.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरून उतरवलेल्या गाण्यात वरच्या सुरांचा भाग मुळात फारसा नसतो. 'झळाळी यावी' म्हणून ८,००० आणि १६,००० च्या पट्ट्या वर केल्या तर तबकडीची खरखर तेवढी मोठी होते. उलट त्या ३-४ खाली घेतल्या तर कान कमी शिणतो आणि गाणं काही हरवत नाही. मध्यम लहरींवरच्या आकाशवाणीचंही तसंच. दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचंच अंतर असल्यामुळं वरचे सूर प्रक्षेपणातच कापलेले असतात.

'व्होकल' प्रीसेटपासून तर दूरच राहा. तो साधारणपणे खालचं कापून दोन-तीन हजारांच्या आसपासचं वर करतो, म्हणजे शब्द पुढं येतात. पाश्चात्य पॉपला चालत असेल. पण काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून) गाणाऱ्या पुरुषगायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो आणि मंद्र पंचम १०४ च्या आसपास. गायिकांच्या काळी चारचा षड्ज २०८ वर, काळी पाचचा २३३ वर. खालचं कापलं की आधी जाते ती खर्जातली भरीव बाजू. गंगूबाई हनगल यांच्यासारखा भारदस्त आवाज 'व्होकल' लावून ऐकून बघा, आवाज आहे पण त्यातली छाती गेली. तानपुऱ्याचंही असंच आहे. जवारीची (तारेच्या झणकाराची) सगळी गंमत वरच्या स्वरांशांत असते, वर फुगवलं की ती माशीसारखी गुणगुणायला लागते.

भजनी मंडळांनी फोनवर केलेली रेकॉर्डिंग मला बरीच ऐकायला मिळतात. सप्त्यातलं भजन, पखवाज, पेटी आणि वीस जोड्या टाळ. टाळ इतके जवळ असतात की फोन त्यांनाच घाबरून बाकीचं दाबतो. यात ३,६०० ची पट्टी ४-५ खाली घ्या, टाळांचं टोचणं कमी होतं. देवळाच्या सभामंडपाचा घोंगाट असेल तर २३० ची पट्टी ३ खाली. पण खरा इलाज पुढच्या वेळी फोन टाळकऱ्यांपासून लांब, पेटी आणि मुख्य गायकाच्या बाजूला ठेवणं हाच. रेकॉर्ड होतानाच फाटलेला आवाज कुठल्याच पट्टीनं सांधत नाही.

तरुण पोरांची मागणी उलटी, मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखं छातीत वाजायला पाहिजे. हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरमधून ते होणार नाही. एवढासा कोन ४० हर्ट्झला पुरेशी हवा ढकलू शकत नाही, म्हणून बनवणारेच आवाज वाढला की खालचा बास आतून कापतात. ३१ ची पट्टी कितीही वर करा, ऐकू काही येत नाही, आवाजाला उरलेली जागा तेवढी खाल्ली जाते. अशा स्पीकरमध्ये ३१ पूर्ण खाली आणि १२५ एक-दोन वर केली तर ठोका उलट जास्त जाणवतो. विश्वास बसत नसेल तर करून बघा.

मग लावायचा कसा

सपाटपासून सुरू करा. ओळखीची दोन-तीन गाणी घ्या, त्यात एक नुसता गळा आणि तानपुरा असलेलं असू द्या. काय खटकतंय ते आधी शब्दांत सांगता आलं पाहिजे, घुमतं, टोचतं की दबलेलं आहे. नुसतं "भारी वाटत नाही" यासाठी पट्टी हलवू नका. घुमत असेल तर १२५ ते २५० चा भाग खाली. डब्यातून आल्यासारखं वाटत असेल तर ५०० च्या आसपास खाली. 'स', 'श' कानात घुसत असतील तर ६,००० ते ८,००० चा भाग खाली. एका वेळी एक पट्टी, २-३ डेसिबल. कुठलीही पट्टी ६ च्या पलीकडं न्यावी लागत असेल तर बिघाड दुसरीकडं आहे, वर जा आणि पुन्हा वाचा.

लावून-काढून तुलना करताना दोन्ही वेळचा आवाज सारखा ठेवा. हे न करणारे स्वतःला फसवतात. जरा मोठा आवाज आपल्याला नेहमीच जास्त चांगला वाटतो, त्यामुळं पट्ट्या वर केलेलं सेटिंग दर वेळी जिंकतं.

हेडफोनसाठी सोपा रस्ता आहे. 'ऑटोईक्यू' या खुल्या प्रकल्पात पुष्कळ मॉडेलांच्या मोजमापांवरून काढलेली सेटिंगं फुकट मिळतात, अँड्रॉइडवर 'वेव्हलेट' अॅप तीच वापरतं. आपलं मॉडेल यादीत असेल तर तिथून सुरुवात करा आणि चव म्हणून बास एखाद-दोन डेसिबल इकडं-तिकडं.

"कलाकारानं जसं ठेवलंय तसंच ऐकावं, इक्वलायझर म्हणजे भेसळ" म्हणणारे जाणकार आपल्याकडं कमी नाहीत. त्यांचा मुद्दा फाइलपुरता खरा आहे. फाइलमधलं शुद्ध असतं, पण पाचशे रुपयांचा इअरफोन आणि १० बाय १० ची स्लॅबची खोली मिळून त्यात आधीच भेसळ करतात. ती काढण्यापुरता इक्वलायझर मला मान्य आहे. ज्यांच्याकडं चांगला हेडफोन आणि शांत खोली आहे त्यांनी खुशाल सगळं बंद ठेवावं.

वयस्करांचं मात्र वेगळं. वयानुसार वरचे सूर आधी कमी ऐकू येतात आणि 'स', 'श', 'त', 'थ' यांची ओळख तिथंच असते. घरातले आजोबा "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" म्हणत असतील तर आवाज वाढवण्याआधी २,००० ते ४,००० चा भाग ३-४ डेसिबल वर करून बघा, बास थोडा खाली. टीव्हीवरच्या कीर्तनालाही हे चालतं. एकाच कानानं कमी ऐकू येत असेल किंवा कानात शिट्टी वाजत असेल तर इक्वलायझर सोडून कानाच्या डॉक्टरकडं जा. आणि तरुणांनो, जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलवर. पुढं दर ३ डेसिबलला तास निम्मे. ८९ डेसिबलवर आठवड्याचे पाचच तास उरतात.

एवढं करूनही अडलं आणि स्पीकर दाखवायला आणणार असाल, तर नुसता स्पीकर घेऊन येऊ नका. ज्या फोनवर वाजवता तो फोन, तीच वायर आणि ज्या गाण्यात फाटतो ते गाणं बरोबर आणा. आवाजाचा नॉब कुठवर होता, इक्वलायझर किती ठिकाणी चालू होता आणि घरात स्पीकर कोपऱ्यात होता का, एवढं सांगितलंत तर खोलायच्या आधीच निम्मं कळतं.